६५ हजार पत्रे, ५६ गीते : पॉडकास्ट करणाऱ्यांसाठी रेडिओचा थोडा इतिहास

(धागा मोठा आहे. सवडीने वाचावा.)

जुळे सोलापुरातील एखाद्या सदनिकेत कोणी पॉडकास्ट ध्वनिमुद्रित करायला बसतो, तेव्हा खोलीतील घुमणारा आवाज मारण्यासाठी भिंतीवर जाड सोलापुरी चादर टांगली की काम भागते. उपाय स्वस्त आहे आणि उत्तमही. अवघड प्रश्न पुढे येतो. आठ-दहा भाग होतात, ऐकणाऱ्यांची संख्या मित्र आणि नातेवाईक यांच्यापलीकडे सरकत नाही आणि कार्यक्रम एके दिवशी मुकाट्याने बंद पडतो.

'पॉडकास्टिंग' हा शब्द अवघा २००४ सालचा. बेन हॅमर्सली या पत्रकाराने तो लंडनच्या 'गार्डियन' पत्रात प्रथम वापरला. श्रोता कोठून आणायचा, हा प्रश्न मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. त्याची दोन उत्तरे १९५०च्या दशकात याच महाराष्ट्रात सापडतात. एक मुंबईत, दुसरे पुण्यात.

पहिल्या उत्तराची सुरुवात एका बंद दाराने झाली. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि चित्रपटगीतांविषयी तितकीच नावड. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. हेतू लोकांची अभिरुची घडवण्याचा होता. परिणाम असा झाला, की लोकांनी रेडिओचा काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडसाठी उभारलेले शक्तिमान प्रक्षेपक कोलंबोत होते, आणि त्यांचा आवाज भारतभर पोचत असे.

३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक होते विशीच्या उंबरठ्यावरचे अमीन सयानी. ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फीत विमानाने कोलंबोला जाई. कार्यक्रम एका शहरात तयार करायचा आणि प्रक्षेपण दुसऱ्याच्या यंत्रणेवरून करायचे, ही आजच्या स्वतंत्र पॉडकास्टरची रीत तेव्हाच रूढ झाली होती. मानधन आठवड्याला २५ रुपये. निवेदनाखेरीज संहिता लिहिणे आणि आलेली पत्रे हाताळणे हेही काम त्यातच धरलेले होते. म्हणूनच ते नवख्या माणसाकडे आले.

आरंभीचा साचा साधा होता. अर्ध्या तासात सात गाणी वाजत. श्रोत्यांनी ती लोकप्रियतेच्या क्रमाने लावून पत्राने कळवायची. बक्षीस १०० रुपये. या योजनेतील खरी मेख सहज नजरेतून सुटते. सातही गाण्यांचा क्रम लावायचा, तर सातही ऐकावी लागतात. मध्येच रेडिओ बंद करणाऱ्याला स्पर्धेत भागच घेता येत नाही. आजचे पॉडकास्टर भागाच्या शेवटी 'लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा' असे तीन आर्जव एका दमात करतात. त्यांतल्या एकाही आर्जवासाठी भाग ऐकलेला असण्याची गरज नसते. 'आज सांगितलेल्या चार घटनांपैकी तुमच्या गावात कोणती ठाऊक आहे, ते कळवा' असे एकच, पण ऐकल्याशिवाय न करता येणारे काम श्रोत्याला दिले, तर येणारी दहा उत्तरे हजार आकड्यांहून अधिक काही सांगतात.

सयानी यांनी मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे, चाळीस-पन्नास पत्रे येतील अशी अपेक्षा असताना पहिल्या कार्यक्रमाला ९ हजार आली. वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५ हजारांपर्यंत गेला. एवढी पत्रे उघडायची कोणी? तेव्हा स्पर्धा बंद करण्यात आली आणि गाण्यांची क्रमवार 'पायदाने' लावण्याची पद्धत आली. त्यासाठी तबकड्यांच्या दुकानांतील विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती यांचा आधार घेतला जाऊ लागला. रचना बदलली, बुधवारची रात्र मात्र तशीच राहिली. हे श्रोता संघ म्हणजे कार्यक्रमाचे विनावेतन प्रचारकच होते. अभ्रकाच्या खाणींचे झुमरी तलैया हे छोटे गाव देशाला ठाऊक झाले, ते तेथून येणाऱ्या फर्माइशींमुळे. पन्नास उत्साही श्रोत्यांचा एक व्हॉट्सॲप गट ज्याच्याजवळ आहे, त्याच्याजवळ श्रोता संघच आहे. त्या गटात नव्या भागाचे दुवे टाकण्यापलीकडे काही घडत नसेल, तर तो दोष श्रोत्यांचा नव्हे.

भाषेचा धडा सयानी यांना घरीच मिळाला होता. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी गांधीजींच्या प्रेरणेने 'रहबर' हे पत्र चालवीत. साधी हिंदुस्थानी भाषा आणि देवनागरी, उर्दू, गुजराती अशा तीन लिप्या, असे त्याचे रूप होते. 'बहनों और भाइयों' या संबोधनात बहिणी आधी येतात, हेही त्या काळी अनेकांच्या कानाला नवे होते.

दुसरे उत्तर पुण्याचे. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. तेथील सीताकांत लाड यांनी सुचवलेल्या कल्पनेतून 'गीतरामायण' उभे राहिले. कवी ग. दि. माडगूळकर, म्हणजे सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याचे. संगीतकार सुधीर फडके. ही सरकारी निर्मिती होती, तिला 'स्वतंत्र' म्हणता येणार नाही. मात्र मर्यादित भागांची श्राव्य मालिका कशी बांधावी, याचा याहून चांगला मराठी नमुना दाखवणे कठीण आहे.

१ एप्रिल १९५५ रोजी रामनवमी होती आणि वार शुक्रवार. त्या सकाळी पहिले गीत प्रसारित झाले. नवे गीत शुक्रवारी पावणेनऊला येई आणि तेच शनिवारी व रविवारी पुन्हा त्याच वेळी लागे. म्हणजे आठवड्याला निर्मिती एकच, पण ऐकण्याच्या संधी तीन. वर्षभराच्या ५२ गीतांचा बेत होता. त्या वर्षी अधिक मास आल्याने चार गीते वाढली आणि १९ एप्रिल १९५६च्या रामनवमीला ५६व्या गीताने मालिका संपली. शेवट कधी आहे, हे श्रोत्यांना पंचांगावरूनच कळत होते. अखंड चालणाऱ्या कार्यक्रमापेक्षा ठरलेल्या दिवशी संपणाऱ्या मालिकेत करणारा दमत नाही आणि ऐकणाऱ्याला एखादा भागही चुकवावासा वाटत नाही.

प्रसारणानंतर प्रत्येक गीताचे शब्द पुण्याच्या वृत्तपत्रांत छापून येत. ज्याने ऐकले नव्हते, त्याला वाचून ऐकण्याची ओढ लागे. भागाची संहिता लिखित स्वरूपात प्रसिद्ध करणे हा आज शोधयंत्रांसाठीचा उपाय समजला जातो. त्याचा खरा उपयोग सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झाला आहे. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विजयादशमीला, या गीतांचे पुस्तक निघाले. जाता जाता : त्याच दिवशी विविध भारती सुरू झाली, म्हणजे केसकरांच्या आकाशवाणीने चित्रपटगीतांना पुन्हा दार उघडले. नंतर फडके यांनी गावोगावी 'गीतरामायणा'चे जाहीर कार्यक्रम केले. रेडिओचा श्रोता असा सभागृहात आला.

मंचावर विसंबण्याचा धोकाही याच इतिहासात दिसतो. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीची जाहिरात सेवा सुरू झाली आणि रेडिओ सिलोनकडे जाणारा पैसा हळूहळू वळू लागला. 'गीतमाला' तरीही तेथे तग धरून होती आणि १९८९ साली ती विविध भारतीवर आली. कार्यक्रमाचे नाव, आवाज आणि श्रोत्यांशी असलेले नाते प्रक्षेपकाच्या मालकीचे नव्हते, म्हणून हे स्थलांतर शक्य झाले. आजच्या भाषेत सांगायचे, तर आरएसएस फीड स्वतःच्या ताब्यात असावी, मूळ ध्वनिमुद्रणे स्वतःजवळ जपावीत आणि श्रोत्यांच्या ईमेल पत्त्यांची वही त्यांच्या संमतीने स्वतःच ठेवावी. एखाद्या ॲपने धोरण बदलले, तर या तीन गोष्टी तरी हाती उरतात.

राहिला विस्ताराचा मोह. सोलापूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, म्हसवडला, २००८ पासून 'माणदेशी तरंग वाहिनी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालते. अशा केंद्रांना कायद्यानेच साधारणतः १०० वॅटची मर्यादा आहे. आवाज पंचक्रोशीपलीकडे फारसा जात नाही. त्यामुळे पंचक्रोशीशीच बोलावे लागते. पॉडकास्टला अशी मर्यादा नाही, आणि त्यामुळेच 'सगळ्यांसाठी' बोलण्याच्या नादात तो कोणाचाच होत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या शहराने पुणेरी बोलीची उसनवारी करण्याचे काही कारण नाही.

सोलापुरात चार भागांची एक मालिका तर तयारच आहे. १९३०च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन, या प्रत्येकाचा एक भाग. पहिला १२ जानेवारीला यावा. त्याच सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरलेली असते आणि बाहेरगावी गेलेला सोलापूरकर घरी आलेला असतो. उरलेले तीन भाग पुढच्या तीन आठवड्यांत, त्याच वारी, त्याच वेळी द्यावेत. प्रत्येक भागाच्या शेवटी एकच प्रश्न ठेवावा : तुमच्या घरात मार्शल लॉची कोणती आठवण सांगितली जाते?