रिस्क-फाइव्ह

संगणकाच्या प्रोसेसरसाठी तयार केलेला खुला व प्रमाणित आज्ञासंच. प्रोसेसरला कोणत्या आज्ञा कळाव्यात आणि त्यांचे द्विमान रूप काय असावे, एवढेच तो ठरवतो. त्या पाळणारे मंडल कसे रचायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

इतिहास : अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रस्ते असानोविच, अँड्रू वॉटरमन, युनसप ली व डेव्हिड पॅटरसन यांनी २०१० मध्ये या कामाला सुरुवात केली. प्रमाणाची देखभाल करणारी संस्था २०१५ मध्ये स्थापन झाली. २०२० मध्ये ती स्वित्झर्लंडमध्ये नोंदवली गेली.

रचना : ३२-बिट मूळ संचात ४० आज्ञा आहेत. गुणाकार-भागाकार, अपूर्णांकी गणित, व्हेक्टर क्रिया इत्यादींसाठी स्वतंत्र विस्तार असून गरजेपुरते तेवढे घेता येतात.

कार्यक्षमता : वेग मुख्यतः मंडलाची रचना, कॅश स्मृती, निर्मितितंत्र आणि कंपायलर यांवर ठरतो, आज्ञासंच खुला असल्याने तो वाढत नाही की घटत नाही. रास्पबेरी पायच्या आरपी२३५० (२०२४) या चिपवर आर्म या दुसऱ्या आज्ञासंचाचे दोन कॉर्टेक्स-एम३३ आणि रिस्क-फाइव्हचे दोन हॅझर्ड३ गाभे (कोर) शेजारी-शेजारी आहेत. पूर्णांकी कामात हॅझर्ड३ फारसा मागे पडत नाही. पण त्यात अपूर्णांकी गणिताचे मंडल नसल्याने ते काम सॉफ्टवेअरवर येते आणि वेग मंदावतो.

खर्च : आज्ञासंच वापरण्यासाठी परवाना शुल्क किंवा रॉयल्टी लागत नाही. मात्र गाभ्याचा आराखडा, त्याची पडताळणी, आराखडा-सॉफ्टवेअर, मास्क आणि उत्पादन यांचा खर्च टळत नाही. तयार गाभे विकणाऱ्या कंपन्याही त्यांचे मोल घेतात. त्यामुळे कमी किमतीच्या आणि मोठ्या संख्येने खपणाऱ्या चिपमध्ये शुल्काची ही बचत अधिक जाणवते. अशाच चिपपैकी एक असलेल्या चीनमधील सीएच३२व्ही००३ या मायक्रोकंट्रोलरमध्ये ३२ ऐवजी १६ रजिस्टर आणि आखूड, १६-बिट आज्ञांचा विस्तार वापरून जागा व स्मृती वाचवली आहे. त्याची घाऊक किंमत सुमारे १० अमेरिकी सेंट आहे.

भारत : आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ हे प्रोसेसर याच आज्ञासंचावर आधारलेले आहेत. ‘शक्ती’च्या २०१८ मधील दोन चिपपैकी ‘राइजक्रीक’ इंटेलच्या २२ नॅनोमीटर तंत्राने अमेरिकेत, तर ‘रिमो’ चंदीगडजवळच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने बनली.