डिकी, फाळका आणि मागची भिंत



या मालिकेत मी बहुतेक वेळा रसद, रस्ते, पूल आणि खिंडी यांच्यावर बोलतो. आजचा विषय घरातला आहे आणि सुरुवात कबुलीनेच करतो. गेल्या पावसाळ्यात सिकंदराबादला, आमच्या इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, माझ्यामुळे माझ्याच पत्नीच्या भुवईला दोन टाके पडले. हातात काठी नव्हती की हत्यार नव्हतं. खिशात किल्ली होती आणि किल्लीवर एक बटण होतं.

झालं असं, की हिचा उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला. हात डोक्याच्या वर जात नाही. म्हणून मुलाने आग्रहाने अशी गाडी घ्यायला लावली, जिचा मागचा दरवाजा बटणावर आपोआप वर जातो आणि आपोआप खाली येतो. उत्तम सोय. पण मी पडलो फौजी. गाडी उभी करायची ती बाहेर तोंड करून, हाक आली की सरळ निघता यावं अशी. ही सवय चाळीस वर्षांची. त्यामुळे गाडीची पाठ भिंतीकडे, मध्ये जेमतेम हातभर जागा. ही भाजीची पिशवी घेऊन त्या जागेत वाकलेली आणि मी वीस पावलांवर, लिफ्टपाशी. मला वाटलं, बिचारीला दरवाजा उघडून द्यावा. दिलं बटण दाबून.

असा दरवाजा वर जाताना आधी बाहेर येतो. त्याची खालची कड हिच्या चष्म्यावर बसली. दरवाजा लगेच थांबला, थोडा मागे फिरला, म्हणजे यंत्राने त्याचं काम चोख केलं. हिला मात्र मागे सरकायला जागाच नव्हती. पाठीशी भिंत होती.

"अहो, एक हाक तरी मारायची होती," एवढंच ती म्हणाली. टाक्यांपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. कारण नोकरीत मी पोरांना नेमकं तेच शिकवत आलो होतो.

आमच्या काळी शक्तिमान ट्रक होते. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनू लागलेले, दणकट आणि कुरकुरे. त्यांच्या मागच्या आडव्या लोखंडी दाराला महाराष्ट्रातले ट्रकवाले फाळका म्हणतात, उत्तरेकडे डाला म्हणतात. त्याला ना मोटर ना स्प्रिंग. दोन बाजूंना खिट्ट्या, दोन साखळ्या. खिट्टी काढली की फाळका आपल्या वजनाने धाडकन खाली येतो. मी नवा लेफ्टनंट असताना आमच्या तुकडीतल्या एका जवानाची दोन बोटं त्याखाली गेली. एका बाजूच्या माणसाने खिट्टी काढली, दुसऱ्या बाजूच्याचा हात अजून कडेवर होता. त्यानंतर आमच्या सुभेदार साहेबांनी शिस्त घातली: दोन माणसं, दोन बाजू, आधी आवाज, मग समोरून उत्तर, मग खिट्टी. उत्तर आलं नाही तर हात लावायचा नाही. हे मी पुढे कितीतरी तुकड्यांना घोकून घेतलं आणि मोटर लावलेला दरवाजा हातात येताच विसरलो.

म्हणून मग या मागच्या दरवाज्याचा इतिहास खणायला बसलो.

आधी शब्द बघा. आपण डिकी म्हणतो. जुन्या इंग्रजी घोडागाड्यांना मागे नोकरासाठी उघड्यावर बसायची जागा असे, तिला ते डिकी म्हणत. पुढे मोटारींच्या मागे घडीचं आसन आलं, त्यालाही तेच नाव. आसन गेलं, तिथे सामान आलं, आणि नाव आपल्याकडे सामानाच्या कप्प्यालाच चिकटून राहिलं. अँबॅसिडरची, फियाटची डिकी म्हणजे झाकण. ते उघडायला मागे मोठी जागा लागत नसे, आणि वरची तुळईही कधी आडवी येत नसे.

दरवाजा छतापासून वर उघडायला लागला तो व्यापाऱ्यांसाठी. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९३८ मध्ये आपल्या ट्रॅक्सियाँ अवाँ गाडीचा कोमेर्सियाल नावाचा प्रकार काढला. गिऱ्हाईक कोण? खाटीक, बेकरीवाले, दारूचे व्यापारी, वाणी. त्यांची खोकी गाडीत सरळ आत जावीत म्हणून मागचा भाग दोन तुकड्यांत उघडायचा, एक वर आणि एक खाली. युद्धानंतर तो प्रकार पुन्हा आला तेव्हा दोन्ही तुकडे एक झाले आणि अख्खा दरवाजा छतापासून वर जाऊ लागला. १९६१ मध्ये रेनो ४ या स्वस्त गाडीने हाच दरवाजा सामान्य घरात पोचवला. आपल्याकडे हे काम मारुतीच्या छोट्या गाड्यांनी केलं.

पण छतापासून लोंबणारा दरवाजा जड असतो, त्याला वर धरून ठेवणार कोण? सुरुवातीला स्प्रिंगा आणि टेकू, पुढे गॅसचे दांडे. बंद नळीत दाबाखालचा नायट्रोजन आणि थोडं तेल, एवढंच त्यांचं गुपित. लेहमध्ये ज्यांनी हिवाळा काढला आहे त्यांना दुसरं गुपितही ठाऊक असेल. थंडीत वायूचा दाब उतरतो. ४० अंशांच्या उन्हात जो दांडा दरवाजा आरामात तोलतो, त्याचं बळ उणे २० अंशांत साधारण एक पंचमांशाने कमी होतं. मग दरवाजा मध्येच रेंगाळतो किंवा हळूच डोक्यावर येतो. दांडा जुना झाला की हेच उन्हाळ्यातही होतं. तेव्हा माझ्या वयाच्या मंडळींनी 'अजून चालतंय की' म्हणत बसू नये.

अडचणीच्या जागेचा विचार मात्र अमेरिकेत झाला. तिथल्या लांबलचक स्टेशन वॅगन गाड्यांचा मागचा दरवाजा खाली पडायचा, म्हणजे मागे भरपूर जागा हवी. फोर्डने १९६६ मध्ये तोच दरवाजा खालीही पडेल आणि कपाटासारखा बाजूलाही उघडेल अशी बिजागरी केली. जनरल मोटर्स त्याच्याही पुढे गेली. १९७१ ते १९७६ या वर्षांत त्यांच्या मोठ्या वॅगन गाड्यांत मागची काच वर सरकून छतात जायची आणि खालचा पत्रा सरकून गाडीच्या तळाखाली. काच मोटरवर चालायची आणि पत्र्यालाही मोटर मिळू शकत असे. किल्ली फिरवली की अख्खी पाठ अदृश्य! बाहेर काहीच येत नाही, वर काहीच जात नाही. पाठीमागे भिंत असली तरी फरक नाही. माझ्या पत्नीला त्या गाडीत ओरखडाही आला नसता. पण यंत्रणा जड, महाग आणि गुंतागुंतीची होती. पुढच्या गाड्या लहान झाल्या आणि ती कल्पना कायमची गेली. मला याची खरोखर हळहळ वाटते. कल्पना चांगली असूनही वजनापायी टाकून दिलेली शस्त्रं मी पाहिली आहेत, हा त्यातलाच प्रकार.

आता कथेचा वाईट भाग. मोटरवर उचलणारं आणि आपटणारं दार अमेरिकेच्या घरांत गाडीच्या आधी आलं ते गॅरेजला. जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी १९२१ मध्ये वर सरकणारं गॅरेजचं दार काढलं आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. पुढे रिमोट आला आणि उपनगरातल्या घरोघरी हे दार बसलं. बटण दाबणारा गाडीत किंवा घरात, दार त्याच्या पाठीमागे, आणि दाराखाली कोण आहे ते मोटरला कळत नाही. मुलांना तर तो खेळच वाटायचा, दार खाली येता येता त्याखालून पळत सुटायचं. त्यात मुलं दबली आणि गेली. एक-दोन नाही, वर्षानुवर्षं.

शेवटी १९९० मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला. १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्राला, दार कशाला अडलं तर दोन सेकंदांत मागे फिरण्याची सक्ती झाली. त्याखेरीज दुसरी सुरक्षाही हवी: एकतर दाराच्या कडेला स्पर्श ओळखणारी पट्टी, नाहीतर चौकटीच्या दोन बाजूंना प्रकाशाचा डोळा. हा डोळा जमिनीपासून सहा इंचांच्या वर बसवायचा नाही. सहा इंच का, याचा विचार करून बघा. उभ्या माणसासाठी तो नाहीच. खाली पडलेल्या लेकरासाठी आहे. शिवाय दर महिन्याला दाराखाली एक लाकडी फळी आडवी टाकून दार मागे फिरतं का ते बघा, असं तिथल्या माहितीपुस्तिका आजही सांगतात.

आपल्या गाडीचा दरवाजा याच घराण्यातला, फक्त उशिरा जन्मलेला. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनीव्हॅनमध्ये त्याचं चलन वाढलं आणि फोर्डच्या २०१३ च्या एस्केप गाडीने बंपरखाली पाय हलवून दरवाजा उघडायची सोय सर्वसामान्यांपर्यंत आणली. गॅसच्या दांड्याच्या जागी आता नळी असते, आत छोटी मोटर, लांब स्क्रू आणि भोवती स्प्रिंग. मोटर किती फिरली हे एक सेन्सर मोजत राहतो. अपेक्षेपेक्षा वेग पडला की यंत्र समजतं, मध्ये काहीतरी आलं. मग थांबतं, उलटं फिरतं. पुष्कळ गाड्यांत दोन्ही कडांना रबरी पट्टी असते, ती दाबली गेली तरी तेच.

आता यातली गोम बघा. वेग पडतो तो कधी? धडक बसल्यावर. म्हणजे हे यंत्र आंधळ्या माणसाच्या काठीसारखं आहे, टेकल्याशिवाय त्याला कळत नाही. माणसाच्या हाताला एवढं बहुधा पुरतं. तुळईला लागलेल्या रंगाला, काचेला आणि भिंतीला पाठ टेकलेल्या माणसाला ते पुरत नाही. आणखी एक: रबरी पट्टी बहुधा उभ्या कडांना असते, खाली कुलपापाशी असेलच असं नाही. बंद होतानाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात कुलूप दरवाजाला स्वतः आत ओढून घेतं, तेव्हा उलटं फिरण्याचा भरवसा धरू नये असा इशारा पुस्तिकांत असतो. बोटं नेमकी तिथेच जातात.

आमच्याकडे तुळईखाली दोन मीटर दहा सेंटीमीटर आहेत. त्या टाक्यांनंतर दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मी स्वतः मोजलं. मग गाडी मोकळ्या मैदानात नेली, दरवाजा पूर्ण उघडला आणि जमिनीपासून त्याचं सगळ्यात वरचं टोक मोजलं. दोन मीटर सोळा. मागे सगळ्यात लांब तो कुठवर येतो, हे अर्ध्या वाटेवर थांबवून मोजलं, कारण पूर्ण उघडल्यावर तो पुन्हा आत आलेला असतो. लोक नेमकं हे अर्ध्या वाटेचं माप घेत नाहीत. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असणार, माझे घेऊ नका. मुंबई-पुण्याकडे यांत्रिक पार्किंगमध्ये डोक्यावर दुसरी गाडी असते, कुठे अग्निशमनाचे नळ असतात, कुठे शटरची गुंडाळी. सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू कोणती, माप तिथवरचं घ्यायचं.

उंची कमी करायची सोय बहुतेक गाड्यांत असते आणि ती कोणी वापरत नाही, याचं मला नवल वाटतं. माझ्या गाडीत दरवाजा हव्या त्या उंचीला थांबवायचा आणि त्याच्या खालच्या कडेवरचं बटण आवाज येईपर्यंत दाबून धरायचं. मग तो रोज तिथेच थांबतो. काही गाड्यांत हे पडद्यावरच्या यादीतून करावं लागतं. मी दोन मीटरवर थांबवला आहे. माझं डोकं लागत नाही, तुळईला दहा सेंटीमीटर मोकळे राहतात. दरवाजा चालू असताना तेच बटण पुन्हा दाबलं की तो जागच्या जागी थांबतो, हे मी हिला चार वेळा करून दाखवलं. पायाने उघडायची सोय बंद करून टाकली. गाडी धुणारा पोरगा बंपरखाली फडकं फिरवत असतो आणि जवळपास किल्ली खिशात घेऊन मी उभा असतो. दोघांनाही नको तो ताप.

राहता राहिली माझी फौजी सवय. खूप दिवस मन तयार होईना. शेवटी जागेतच मार्ग काढला. गाडी अजून बाहेर तोंड करूनच लावतो, पण मागच्या चाकांसाठी जमिनीवर लाकडी अडणी ठोकली आहे. तिथे चाक टेकलं की भिंत आणि पूर्ण बाहेर आलेला दरवाजा यांच्यात एक माणूस आडवा उभा राहू शकतो. गाडीचं नाक त्यामुळे थोडं वाटेवर येतं. शेजाऱ्यांनी एकदा कुरकुर केली, त्यांना भुवई दाखवली.

सामान मोठं असेल तर आधी गाडी बाहेर काढतो, तिथेच भरतो, मग आत घेतो. किल्लीवरचं बटण लांबून दाबायचं नाही. दरवाजाला हात लागेल इतक्या जवळ उभं राहून, मागची जागा डोळ्यांनी बघूनच दाबायचं. चार वर्षांची नात सुट्टीत आली की तिचं काम ठरलेलं. ती खांबाला हात लावून उभी राहते. खांब सोडला तर गाडी हलत नाही, दरवाजाही उघडत नाही. मी ओरडतो, "मागे कोण?" ती तिकडून ओरडते, "कोणी नाही, आबा!" आजी मात्र आजही लगेच उत्तर देत नाही. आधी पिशवी खाली ठेवते, दोन पावलं बाजूला येते, माझ्याकडे एकदा नीट बघते आणि मग म्हणते, "दाबा आता."