जुन्या मशिदीतला किप्पूर

बुधवार, 16 सप्टेंबर 1896. रेवदंड्याकडची आगबोट दुपारी मुंबईच्या धक्क्याला लागते. उतरताना आधी सुक्या मासळीचा वास येतो आणि मांडवीच्या गल्ल्यांत शिरलात की धान्याचा. तुम्ही ज्यांच्याबरोबर आलात ते आजोबा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गाव या लोकांना शनिवार तेली म्हणतं. रेवदंड्याला 1842 पासून त्यांचं स्वतःचं प्रार्थनागृह आहे, पण मुलगा आता मुंबईत रेल्वेत कारकून, नातवंडं इथेच. तेव्हा यंदाचा किप्पूर मुंबईत.

किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. आज सूर्य मावळल्यापासून उद्या तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. कोकणातले म्हातारे याला अजून दरफाळणीचा सण म्हणतात. पूर्वी त्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची आणि बाहेरच्याशी बोलायचंही नाही, अशी रीत होती. मुंबईच्या चाळीत दार लावून बसणार तरी किती? म्हणून आता सगळे मशिदीत जातात.

हो, मशिदीतच. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनागृहाला मशीद म्हणतात, आणि जवळच्या स्टेशनाला मशीद बंदर हे नाव आपल्याच मशिदीवरून पडलं असं छातीठोक सांगतात. मूळ इमारत 1796 ची. सामाजी हसाजी दिवेकर, इंग्रजी कागदोपत्री सॅम्युएल इझिकेल, कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेत सापडले. जिवंत सुटल्याबद्दल त्यांनी ती बांधली. नाव शार हारहमीम, दयेचं दार. तुम्ही आज जाणार ती सॅम्युएल स्ट्रीटवरची वास्तू 1860 ची. तिलाही लोक जुनी मशीदच म्हणतात.

मुलाच्या घरी तिथल्या मावशी वाट बघत असतात. उजेड आहे तोवर जेवून घ्यायचं: भात आणि नारळाच्या रसातली कोंबडी. मांसाबरोबर दूध चालत नाही, आणि कोकणात नारळ असताना ते हवंय कोणाला? नव्याच्या सणाचा, म्हणजे वर्षारंभाचा, चिकाचा हलवा डब्यात थोडा उरलाय. तो उद्या रात्रीसाठी. तुम्ही पांढरे कपडे घालून जिना उतरू लागता तोच मावशी पायांकडे बघतात. "चामड्याच्या वहाणा? आज? काढ बघू आधी."

जिन्याखाली वखारीच्या दाराशी दोन मेलेले उंदीर पडलेत. पुढच्या गटारात आणखी. आजोबा धोतर सावरून पलीकडे जातात, वखारीचा भय्या मांजराला शिव्या घालतो. थांबता फक्त तुम्ही.

आत तेलाच्या हंड्यांचा उजेड. मध्ये कठड्याचा चौथरा, त्याला तेबा म्हणतात. समोर तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवलेलं हेखाल, वर सज्जात पांढऱ्या साड्यांतल्या बायका. मुकादम आणि चौगुला हे मशिदीचे मानकरी आपापल्या जागी बसलेत. प्रार्थना चालवणारा हजान हिब्रूत सुरू करतो. हे हिब्रू या लोकांकडे आलं ते बरंचसं कोचीनच्या ज्यू गुरुजींकडून. त्याआधी पिढ्यान् पिढ्या कोकणातल्या खेड्यांत टिकून राहिली ती शेमाची प्रार्थना, सुंता, शनिवार आणि खाण्यापिण्याचे नियम. एवढ्या शिदोरीवर एखादा समाज आपली ओळख इतकी वर्षं राखतो, याचं नवल मला पोथ्यांच्या पांडित्यापेक्षा जास्त वाटतं.

गुरुवारी सकाळपासून पुन्हा तेच, एकामागून एक प्रार्थना. खरं सांगायचं तर दुपार कठीण जाते. घसा कोरडा पडतो, मुलं पेंगतात, आजोबांची मान तालेतमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शालीत, कलते. भाद्रपदाचा शुद्ध पक्ष आहे, गणपती अजून बसलेले आहेत. दूर कुठेतरी ढोल वाजतो आणि हिब्रूच्या हेलात मिसळून जातो. कोणाला त्याचं काही वाटत नाही. मग योनाची गोष्ट वाचली जाते: देवापासून पळून जहाजात बसलेला, वादळात समुद्रात फेकला गेलेला माणूस. ती सुरू होताच पेंगणारेही सावरून बसतात. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचले, असं मानणाऱ्यांना ही गोष्ट परकी कशी वाटेल?

शेवटची प्रार्थना नेइला. दहा दिवसांपूर्वी प्रत्येकाचं येतं वर्ष वर लिहिलं गेलं, आणि आज संध्याकाळी त्या लेखावर मोहोर उठते, ही यामागची श्रद्धा. सगळे उभे राहतात. आणि इथे तुमची पंचाईत होते, कारण तुम्ही पुढच्या काळातून आलात आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. येत्या 23 तारखेला याच मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस ग्रंथिक सन्निपाताचं, म्हणजे प्लेगचं, निदान करतील. 1891 च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांचं भरलेलं हे शहर काही महिन्यांत निम्म्यावर येईल. सज्जात कोण आहे, पुढच्या किप्पूरला कोण नसेल? बोलून बघा हवं तर. मेलेल्या उंदरांवरून साथ सांगणाऱ्याचं इथे कोण ऐकेल? तेवढ्यात शोफार वाजतो, मेंढ्याच्या शिंगाचा तो लांब सूर, आणि माणसं एकमेकांच्या हाताला हात लावून आपली बोटं ओठांशी नेतात. ही हातबोशी. तुमच्याही पुढे हात येतात. मग बेदाण्याचं सरबत, आणि मावशींचा हलवा.

शुक्रवारी शिळा सण. भेटीगाठी, गोरगरिबांना दानधर्म. किप्पूरला घरी आलेले पितर या दिवशी परततात, अशी जुनी समजूत. हाइम सॅम्युएल केहिमकर हे सगळं टिपून ठेवताहेत. 1897 मध्ये लिहून झालेला त्यांचा ग्रंथ छापून यायला मात्र 1937 उजाडेल.

तुम्हीही याच दिवशी परत फिरा. आजोबांना गावाकडची पहिली आगबोट धरायला लावा, मावशींनाही सोबत न्या, कारण हवं ते सांगा. आणि तिथेच अडकलात तर जानेवारीपर्यंत उंदरांपासून लांब राहा. ओडेसाचा एक ज्यू शास्त्रज्ञ, वाल्देमार हाफकिन, ऑक्टोबरात मुंबईत येतोय. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तो प्लेगची लस तयार करेल आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेईल. ताप येईल, पण ती टोचून घ्या.