कायद्याचं घड्याळ, केळीचं घड्याळ

जळगावच्या शेजारचं असोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. 1880 साली त्यांचा जन्म इथेच झाला. हा सगळा पट्टा केळीचा. बागेतून घड कापला की एक घड्याळ सुरू होतं. केळी हिरवीच कापतात, पण कापल्यावर तिचं पिकणं थांबत नाही. दिल्लीच्या आझादपूर मंडीत ती हिरवी उतरली तर भाव मिळतो. वाटेतच पिवळी पडली तर खेप अंगावर येते.

दिल्ली इथून हजार किलोमीटरच्या वर आहे. ट्रक ड्रायव्हरसाठी कायद्याचंही एक घड्याळ आहे: दिवसाला आठ तास. ट्रकचा सरासरी वेग ताशी 40 किलोमीटर धरा. आठ तासांत 320 किलोमीटर होतात. म्हणजे एकट्या ड्रायव्हरने कायदा पाळला तर दिल्लीला पोहोचायला तीन दिवसांहून जास्त लागतील. एवढं थांबायला कोणी तयार नसतं. मग कायदा पाळला जात नाही, आणि झोप मोडते ती ड्रायव्हरची.

आठ तासांचा हा नियम काही कालपरवाचा नाही. त्याच्या मुळाशी गेलं की आधी रेल्वे भेटते. 1930 च्या दशकात मोटारलॉऱ्या रेल्वेचं भाडं पळवू लागल्या, तेव्हा सरकारला काळजी वाटली ती रेल्वेच्या उत्पन्नाची. त्यातून 1939 चा मोटार वाहन कायदा घडला. कोणती लॉरी कुठल्या रस्त्यावर, कुठवर धावेल हे परमिट ठरवू लागलं. दुसऱ्या प्रांतात जायचं तर तिथल्या अधिकाऱ्याची सही हवी. खानदेशची केळी पुढची अनेक वर्षं सावदा, रावेरच्या स्टेशनांवरून रेल्वेच्या वॅगनने उत्तरेत जात राहिली, त्याच्या मागे सोयीइतकंच हे धोरणही होतं.

त्याच कायद्यात ड्रायव्हरसाठी एक कलम होतं. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्याला 54. पुढे 1961 साली मोटार वाहतूक कामगार कायदा आला आणि ही मर्यादा आठ आणि 48 तासांवर आली. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच फार. मालक स्वतः ड्रायव्हर, भाऊ नाहीतर भाचा क्लीनर. त्यांना हा कायदा शिवलाही नाही. 1988 च्या कायद्याच्या कलम 91 ने तेच तास प्रत्येक व्यावसायिक ड्रायव्हरला लावले आणि फट बुजवली. बुजवली ती कागदावर.

मधल्या काळात 1975 साली नॅशनल परमिट आलं. त्या त्या राज्यांचा कर भरून गाडी थेट जाऊ लागली. ड्रायव्हरकीला लांबचा पल्ला आणि थोडी प्रतिष्ठा मिळाली ती इथून. या परमिटच्या गाडीला एक चांगली अट होती. दोन ड्रायव्हर हवेत, आणि दुसऱ्याला आडवं होऊन झोपता येईल एवढं लांब सीट हवं. आपला हिशेब पुन्हा करून बघा. दोघांनी आळीपाळीने गाडी चालवली तर दिल्ली दोन दिवसांच्या आत येते. केळीचं घड्याळ आणि कायद्याचं घड्याळ जुळण्याची शक्यता होती ती याच अटीत.

प्रत्यक्षात दुसऱ्या ड्रायव्हरच्या जागी बहुतेक वेळा क्लीनर असायचा. रस्सा बांधणं, ताडपत्री ओढणं, चाक बदलणं, घाटात उतरून चाकाला दगड लावणं ही त्याची कामं. मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचा. ते बेकायदेशीर होतं आणि धोक्याचंही. पण लॉरीची शाळा म्हणावी तर तीच होती. भाडं परवडेना तसा क्लीनर कमी होत गेला. 2018 साली केंद्राने दोन ड्रायव्हरची अटही सैल केली. आज केबिनमध्ये अनेकदा एकच माणूस असतो. शिकाऊ पोरगा उरलेला नाही, आणि झोप येतेय का म्हणून विचारणारंही शेजारी कोणी नाही.

आता गेल्या काही वर्षांतले नियम एका ओळीत मांडून पाहा. 2017 ला जीएसटी आला, नाक्यांवरच्या रांगा कमी झाल्या. 2018 ला ई-वे बिल आलं. त्याची मुदत आधी 100 किलोमीटरला एक दिवस होती; 2021 पासून एका दिवसात 200 किलोमीटर कापावे लागतात. (ताज्या फळांना हे बिल लागत नाही, केळी स्वतःचीच मुदत घेऊन निघते.) 2018 मध्येच दोन एक्सलच्या ट्रकचं मान्य वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेलं. 2019 च्या दुरुस्तीने ओव्हरलोडचा दंड 20 हजार रुपये आणि वर दर जादा टनाला 2 हजार झाला. 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला.

यात वजन काट्यावर मोजलं जातं, टोल स्कॅनरवर, मालाची मुदत संगणकावर. ड्रायव्हर किती तास जागा आहे हे मोजणारं सक्तीचं यंत्र मात्र नाही. युरोपात ट्रकमध्ये टॅकोग्राफ असतो; साडेचार तासांनंतर 45 मिनिटं थांबावंच लागतं, आणि थांबला नाहीत तर नोंद बोलते. अमेरिकेत 2017 च्या अखेरीपासून हे काम इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र करतं. तिथले ड्रायव्हरही या यंत्रांवर कुरकुरतात, पण मालकाने घाई केली तर दाखवायला त्यांच्या हातात पुरावा असतो. आपल्या ड्रायव्हरच्या हातात नाही.

4 जुलै 2023 रोजी धुळे जिल्ह्यात, आग्रा रोडवरच्या पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. रस्त्यावरची भीती खरी आहे, आणि कायदा कडक हवा ही मागणीही खरी. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये भारतीय न्याय संहिता संमत झाली. अपघातात माणूस दगावल्यावर खबर न देता पळून जाणाऱ्याला कलम 106(2) खाली दहा वर्षांपर्यंत कैद. 1 आणि 2 जानेवारी 2024 ला ड्रायव्हरांनी चाकं थांबवली. पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील. 'थांबलो तर जमाव मारेल, पळालो तर दहा वर्षं,' असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. सरकारने ते कलम तूर्त बाजूला ठेवलं आणि 1 जुलै 2024 ला बाकीची संहिता लागू झाली. चाकामागे त्या दिवशी तो कितवा तास होता, हा प्रश्न या सगळ्या वादात फारसा कोणी विचारला नाही.

काही बरं घडलंच नाही असं नाही. व्यावसायिक लायसनसाठी आठवी पासची अट 2019 ला निघाली, नूतनीकरण तीनऐवजी पाच वर्षांनी आलं. ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची केली गेली. मे महिन्यात जळगावचा पारा पाहिलेल्या कोणालाही ही चैन वाटणार नाही.

आज असोद्यातल्या एखाद्या पोराला ट्रक चालवायचा असेल तर वीस वर्षं पूर्ण हवीत, आधी हलक्या वाहनाचं लायसन वर्षभर हवं. एवढं तो करेल. पण घरात आई विचारते, "रात्री झोपशील कुठं?" याचं उत्तर 1939 पासून कायद्यात लिहिलेलं आहे. ते रस्त्यावर अजून उतरलेलं नाही. उतरवायचं तर गाडीत तास मोजणारं यंत्र लागेल, महामार्गावर ट्रक सुरक्षित उभा करायला जागा लागेल, आणि दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार भाड्यात धरावा लागेल. तो पगार शेवटी केळीच्या डझनामागे काही पैसे होऊन आपल्याच पिशवीत येणार. तेवढे द्यायची आपली तयारी आहे का?