मेंदूची दुखापत: प्रयोगशाळा ते पुणे-नाशिक रस्ता

पुणे-नाशिक महामार्ग आंबेगाव तालुक्यात मंचर, कळंबवरून आणि जुन्नर तालुक्यात नारायणगाव, आळेफाट्यावरून जातो. गाळपाच्या हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली आणि हेल्मेट न घातलेला दुचाकीस्वार यांची गाठ पडली, तर परिणाम सांगावा लागत नाही. पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात हिरडा उतरवताना झाडावरून पडणे आणि यात्रांच्या दिवसांत बैलगाड्यांच्या घाटात गाड्याखाली सापडणे, हीदेखील डोक्याला मार बसण्याची कारणे आहेत.

मेंदूला होणारी इजा दोन टप्प्यांत होते. आघाताच्या क्षणी पेशी आणि रक्तवाहिन्या फाटतात. ती पहिली इजा. तिच्यावर औषध नाही. दुसरी इजा त्यानंतर काही तास, कधी काही दिवस चालू राहते. रक्तस्राव वाढतो, मेंदूला सूज येते, कवटीत जागा नसल्याने दाब चढतो आणि रक्तपुरवठा घटतो. जखमी पेशींतून बाहेर पडलेले ग्लुटामेट हे रसायन शेजारच्या धडधाकट पेशींनाही मारते. संशोधकांची सारी धडपड या दुसऱ्या इजेला रोखण्यासाठी आहे.

ही इजा अभ्यासण्यासाठी प्रयोगशाळेत तिची प्रतिकृती तयार करावी लागते. १९९४ मध्ये अँथनी मार्मारू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या उंदराच्या कवटीवर धातूची चकती बसवून तिच्यावर दोन मीटर उंचीवरून ४५० ग्रॅमचे वजन सोडण्याची पद्धत मांडली. द्रवाच्या दाबाचा झटका देण्याची आणि यंत्राच्या दट्ट्याने मेंदूच्या पृष्ठभागावर मोजून आघात करण्याची पद्धतही वापरली जाते. अशा प्रयोगांत अनेक औषधे गुणकारी ठरली. माणसांवरील मोठ्या चाचण्यांत मात्र त्यांतील बहुतेक हरली.

स्टेरॉइडचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मेंदूची सूज उतरेल या समजुतीने जगभरचे डॉक्टर अनेक वर्षे ही औषधे देत होते. ‘क्रॅश’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत दहा हजारांवर रुग्ण सहभागी झाले आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन आठवड्यांत स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के, तर न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दगावले. उपचार म्हणून दिलेले औषधच अपाय करीत होते. अटलांटा येथील एमरी विद्यापीठाचे डोनाल्ड स्टाइन यांना उंदरांच्या माद्या नरांपेक्षा लवकर सावरताना दिसल्या. त्यातून प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाविषयी मोठी आशा निर्माण झाली. परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. शरीर थंड ठेवण्याच्या उपायाचेही २०१८ च्या ‘पोलर’ चाचणीत तेच झाले.

असे का व्हावे? प्रयोगशाळेतील उंदीर एकाच वयाचे आणि सुदृढ असतात, मार ठरलेल्या जागी बसतो आणि औषध बहुधा लगेच मिळते. माणसाचा अपघात रात्री दोन वाजता होतो, रुग्ण वृद्ध किंवा मधुमेही असतो आणि औषध मिळेपर्यंत कित्येक तास उलटलेले असतात. उंदराचे घड्याळ आणि रुग्णाचे घड्याळ जुळत नाही.

या घड्याळाला मान देणारे एक जुने औषध मात्र काही अंशी टिकले. जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी शोधलेल्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडची माहिती १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. हे औषध रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. ते स्वस्त आहे आणि आपल्या प्रसूतिगृहांना परिचित आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-३’ चाचणीत २९ देशांतील १२,७३७ रुग्ण होते. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता फरक निर्णायक नव्हता. सौम्य व मध्यम दुखापतीच्या रुग्णांत मात्र डोक्याच्या मारामुळे होणारे मृत्यू ७.५ वरून ५.८ टक्क्यांवर आले. अतिगंभीर रुग्णांना लाभ झाला नाही.

आता चाकणची कोंडी आठवावी. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा नारायणगावहून मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला बहुधा पिंपरी-चिंचवड किंवा पुणे गाठावे लागते. भीमाशंकरकडील वाडीतून निघालेल्यांचे तीन तास घोडेगाव-मंचर करताकरताच सरू लागतात. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तिच्यात प्राणवायू मिळणे, रक्तदाब टिकणे आणि श्वासमार्ग मोकळा राहणे, या साध्या गोष्टींनीच दुसरी इजा कमी होते.

तालुक्यातच वेळेवर उपचार झाल्यास काय साधते, याचा दाखला सर्पदंशाने दिला आहे. मण्यार चावली की श्वसनाचे स्नायू लुळे पडतात आणि प्राणवायूअभावी मेंदू इजा पावतो. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी प्रतिविष व कृत्रिम श्वासोच्छ्वास यांच्या आधारे असे रुग्ण गावातच वाचवण्याचे काम वर्षानुवर्षे केले. पुण्याला पोहोचेपर्यंत त्या मेंदूला थांबता आले नसते.

रक्तातील ‘जीएफएपी’ आणि ‘यूसीएच-एल१’ या प्रथिनांवरून सीटी स्कॅनची गरज ओळखणाऱ्या चाचणीला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. २०२४ मध्ये मान्य झालेली तिची आवृत्ती रुग्णाच्या खाटेजवळ पंधरा मिनिटांत निकाल देते. स्कॅनचे यंत्र दूर असलेल्या तालुक्यांना अशी चाचणी मोलाची ठरेल. याउलट, मेंदूच्या इजेवर मूलपेशी देण्याच्या जाहिरातींपासून सावध राहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. त्यासाठी कोणी जमीन विकू नये.

डोक्याला मार लागलेला माणूस उठून बोलू लागला, की सोबतचे निर्धास्त होतात. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर तो काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. उलटी, वाढती गुंगी, झटके, एका बाजूची कमजोरी किंवा लहानमोठ्या बाहुल्या दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. पुढे पाठवताना रुग्णाच्या चिठ्ठीवर दाखल केल्याच्या वेळेबरोबर अपघाताची वेळही लिहावी. तीन तास तिथपासून मोजायचे असतात.