पेन्शनच्या कागदातले मूल : जवाहरनगर आणि स्वमग्न तरुणांच्या आधाराचा इतिहास

भंडारा शहराजवळचे जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत. १९६२च्या चीन युद्धानंतर देशाने दारूगोळ्याचे उत्पादन वाढवायला घेतले. त्याच काळात, १९६४ साली, प्रणोदके आणि स्फोटके बनवणारी ही निर्माणी सुरू झाली. तिच्याभोवती क्वार्टर, इस्पितळ आणि केंद्रीय विद्यालय आले. इथला कामगार संरक्षण खात्याचा नागरी कर्मचारी, म्हणजे केंद्र सरकारचा नोकर. त्यामुळे त्याच्या घरातले स्वमग्न मूल मोठे झाल्यावर त्याला काय मिळणार, याचा निर्णय भंडाऱ्यात कमी आणि दिल्लीच्या नियमपुस्तकात जास्त झाला. या आधाराची सुरुवात एखाद्या संस्थेपासून झाली नाही. ती पेन्शनच्या कलमापासून झाली, आणि बराच काळ तिथेच थांबून राहिली.

केंद्र सरकारची कुटुंब निवृत्तिवेतन योजनाही १ जानेवारी १९६४ची, म्हणजे निर्माणीच्याच वर्षाची. कर्मचारी गेला की पत्नीला किंवा पतीला आणि त्यानंतर मुलांना पेन्शन, असा तिचा क्रम. मुलांच्या हक्काला वयाची मर्यादा होती आणि ती पुढे पंचविशीपर्यंत आली. १९७२च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या ५४व्या नियमात मात्र एक अपवाद बसला. मनाच्या किंवा शरीराच्या अपंगत्वामुळे ज्याला पोट भरता येत नाही, अशा मुलाला किंवा मुलीला पंचविशीनंतरही, तहहयात पेन्शन मिळू लागली. आधी इतर भावंडांची पाळी संपायची आणि मग याची यायची. पैसे लहान मुलासारखेच पालकामार्फत, म्हणजे गार्डियनमार्फत द्यायचे. अठरा वर्षांवरच्या अपंग माणसाला आयुष्यभर पुरेल अशी हमी त्या काळात दुसऱ्या फारशा कायद्यात नव्हती. कामगाराच्या लेखी ही हमी निर्माणीतल्या नोकरीचाच एक भाग होती, जरी तिचा उपयोग तो गेल्यावरच व्हायचा असला.

अडचण कागदाची होती. सिव्हिल सर्जनच्या दर्जाच्या डॉक्टरचे प्रमाणपत्र लागे आणि त्यात अपंगत्वाचे नाव लागे. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे वर्णन १९४३ सालीच केले होते, पण भारतीय कायद्याला हा शब्द पन्नास वर्षे माहीतच नव्हता. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे मोजली होती आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. मग मुलाच्या कागदावर ‘मतिमंद’ असे लिहून घेण्याचा मार्ग उरला. जो मुलगा मोजक्या शब्दांतच बोलतो त्याचे त्यावर निभावे. जो पाढे घडाघडा म्हणतो, रेल्वेचे वेळापत्रक पाठ सांगतो, पण एकटा बाजारात जाऊ शकत नाही, तो मात्र दोन्हीकडून सुटायचा. बुद्ध्यंकाच्या चाचणीत तो मतिमंद ठरत नसे आणि नोकरीच्या बाजारात तो टिकत नसे. २०११च्या जनगणनेतही अपंगत्वाच्या रकान्यांत स्वमग्नतेचा वेगळा रकाना नव्हता. जिल्ह्यात अशी माणसे किती, हे विचारायलाही सरकारकडे जागा नव्हती.

नाव पहिल्यांदा आले ते १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात. आपल्यामागे या मुलाचे काय, या पालकांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून हा कायदा झाला. त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार गोष्टी घेतल्या होत्या. केंद्राने न्यासाला १०० कोटी रुपयांचा एकरकमी निधी दिला. त्याहून महत्त्वाची होती स्थानिक समिती. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशी तिघांची ही समिती. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे कायदेशीर पालकत्व ती देऊ शकते. आईवडील हयात असले तरी मूल अठराचे झाले की कायद्याने ते त्याचे पालक राहत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना बँकेच्या खिडकीवरच कळते. पूर्वी त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागे. आता फॉर्म ‘ए’ भरून समितीकडे अर्ज करायचा आणि फॉर्म ‘बी’मध्ये नेमणूक घ्यायची. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. ही अट आईलाही लागू आहे. मुलाच्या नावावरच्या ठेवीचा हिशेब पाहिला जाणार, हे ऐकून पालकांना राग येतो. पण तोच नियम आईवडिलांच्या मागे येणाऱ्या काकाला किंवा मेहुण्यालाही बांधून ठेवतो.

रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये अशा समितीच्या प्रमाणपत्रावर खाते उघडायला मान्यता दिली. न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजनाही त्याच सुमारास आली. तिचे संरक्षण एक लाख रुपयांपर्यंतचे आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. निर्माणीतल्या कुटुंबांना स्वतःचे इस्पितळ होते, त्यामुळे विम्याची गरज इतरांइतकी नव्हती. पण इस्पितळ आजार बरा करते, आणि स्पीच थेरपी वर्षानुवर्षे चालते.

न्यासाच्या ‘विकास’, ‘समर्थ’ आणि ‘घरौंदा’ या योजना प्रौढांसाठी खरे काम करणाऱ्या. पहिली दिवसभराच्या केंद्राची, दुसरी तात्पुरत्या निवासाची, तिसरी आयुष्यभराच्या घराची. पुढे समर्थ आणि घरौंदा एकत्र करण्यात आल्या. मात्र या योजना न्यासाकडे नोंदलेल्या संस्थांमार्फतच चालतात. जिथे संस्था नाही तिथे योजना फक्त पुस्तिकेत राहते. कायदा जिल्हावार झाला, संस्था मात्र मोठ्या शहरांभोवती वाढल्या. महाराष्ट्रातला जुना दाखला बदलापूरच्या ‘आधार’चा आहे. १९९०च्या सुमारास पालकांनीच एकत्र येऊन प्रौढ मतिमंद मुलांसाठी निवास उभारला. विदर्भातले उदाहरण वेगळ्या वाटेचे. अमरावती जिल्ह्यात वज्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना सांभाळले आणि आपले नाव दिले. बालगृहाचा नियम अठरा वर्षांनी बाहेर काढायला सांगतो, तर अशा मुलांना आयुष्यभर राहू देणारा कायदा हवा, ही त्यांची मागणी. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरावे वर्ष हे अपंगांच्या बाबतीत सोडून देण्याचे वर्ष ठरू नये, हाच त्या मागणीचा गाभा.

प्रमाणपत्राचा प्रश्न २०१६ मध्ये सुटायला लागला. त्या वर्षी केंद्राने स्वमग्नतेच्या मूल्यांकनाची तत्त्वे काढली. चाळीस प्रश्नांची ‘इसा’ ही भारतीय मापनपट्टी त्यासाठी वापरली जाते. ती डोळ्यांत पाहणे, बोलणे, भावना, ठरावीक हालचाली यांवर गुण देते आणि ७०पासून पुढे स्वमग्नता धरते. त्याच वर्षी झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले आणि स्वमग्नता त्यांत नावानिशी आली. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणात स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून एक टक्का आला. याच कायद्याने ‘मर्यादित पालकत्व’ आणले, म्हणजे निर्णय त्या व्यक्तीसोबत मिळून घ्यायचे. न्यास कायद्यातले पालकत्व बरेच सर्वाधिकारी आहे. दोन कायदे दोन दिशांना ओढतात, आणि अर्ज करणाऱ्या पालकाला ते समजावणारे कोणी नसते. आता जिल्हा रुग्णालयाच्या तपासणीतून यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचे ओळखपत्र, निघते. नागपूरला केंद्र सरकारचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे, तिथे मूल्यांकन आणि प्रशिक्षण होते.

नोकरीत असलेल्या आईवडिलांसाठी काही सवलती आल्या. अपंग मुलाचा शिक्षण भत्ता दुप्पट मिळू लागला. बालसंगोपन रजेला सामान्य मुलासाठी अठरा वर्षांची अट आहे, अपंग मुलासाठीची बावीस वर्षांची अट पुढे काढून टाकली. २०१४च्या आदेशाने अशा मुलाची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मिळू शकते. दिनचर्या मोडली की स्वमग्न तरुणाची सगळी घडी विस्कटते, तेव्हा ही सूट भत्त्याहून मोलाची ठरते. राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८०पासून आहे, पण दिव्यांगांसाठीही तिची उत्पन्न मर्यादा वर्षाला ५० हजार रुपये आहे. निर्माणीच्या पगारात किंवा पेन्शनमध्ये असलेले घर त्यात सहसा बसत नाही.

पेन्शनच्या नियमातही सुधारणा झाल्या. आईवडील हयात असतानाच अपंग मुलाचे नाव पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, घालून घेता येते, म्हणजे ते गेल्यावर भावंडांना कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. २०२१च्या फेब्रुवारीत उत्पन्नाची अट सैल झाली. मुलाचे इतर उत्पन्न मृत कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरचा महागाई भत्ता यांपेक्षा कमी असले की पेन्शन मिळते. पूर्वीची मर्यादा इतकी कमी होती की संरक्षित कार्यशाळेत कागदी पिशव्या करून दोन पैसे मिळवले तरी पेन्शन जाईल, अशी धास्ती वाटे. २०२२ मध्ये निवृत्तिवेतन खात्याने बँकांना बजावले की, पेन्शनधारकाने पालक नेमून ठेवला असेल तर न्यायालयाच्या प्रमाणपत्राचा हट्ट धरू नये.

या साऱ्या सुधारणा पोहोचतात त्या मुख्यतः १ जानेवारी २००४पूर्वी रुजू झालेल्या कामगारांना. त्यानंतर भरती झालेले राष्ट्रीय पेन्शन प्रणालीत आहेत. नोकरीत असताना मृत्यू आला तर जुन्या नियमांची कुटुंब पेन्शन घेण्याचा पर्याय आहे. पण निवृत्त झाल्यावर साठलेल्या रकमेतून वार्षिकी (ॲन्युइटी) घ्यायची असते, आणि नेहमीच्या व्यवस्थेत ती पती-पत्नीनंतर मुलांना मूळ रक्कम परत करून संपते. १ एप्रिल २०२५पासून आलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत निवृत्ताच्या मृत्यूनंतर ६० टक्के रक्कम पती किंवा पत्नीला मिळते. अपंग मुलाचे तहहयात कलम त्यात जुन्यासारखे नाही. १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडियाकडे गेली आणि कर्मचारी प्रतिनियुक्तीवर तिथे काम करू लागले. केंद्रीय सेवाशर्ती त्यांना राहिल्या. २००४ नंतर रुजू झालेल्यांची पहिली मुले आता अठराच्या घरात येत आहेत. त्यांच्यासाठी पालकत्वाचा फॉर्म आणि यूडीआयडी कार्ड तयार आहे, पण मुलाच्या नावे न्यासपत्र करणे, वार्षिकी निवडणे, आयकर कलम ८०डीडीखाली ठेव ठेवणे ही कामे घरालाच करावी लागतात. २०२२च्या वित्त कायद्याने त्या ठेवीतून आईवडील साठ वर्षांचे झाल्यावर, ते हयात असतानाच, मुलाला रक्कम मिळू शकते.