खोटी चिठ्ठी आणि खानदेशचा रानपिंगळा

१/
२५ नोव्हेंबर १९९७ची सकाळ. शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात एका उघड्या फांदीवर छोटेसे घुबड उन्हात बसले होते. त्या जातीची आधीची विश्वसनीय नोंद होती १८८४ची! ११३ वर्षे हा पक्षी होता कुठे? उत्तर एका चोरीपाशी जाते.

२/
पक्ष्याचे नाव रानपिंगळा. डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधील बसना परिसरात त्याचा पहिला नमुना मिळाला. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि जातीला ब्लेविट यांचे नाव दिले. होय, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम.

३/
पुढच्या दशकात सूत्र खानदेशात आले. जेम्स डेव्हिडसन हे येथील सनदी अधिकारी आणि हाडाचे पक्षिनिरीक्षक. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी त्यांनी ह्यूम यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. रानपिंगळ्याचे काही नमुने त्यांनी याच भागात मिळवले. त्यांतले काही लंडनच्या संग्रहालयात पोहोचले.

४/
त्यानंतर शांतता. नोंद मिळाली ती एकच : कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातील एक नमुना. चिठ्ठीवर ठिकाण होते तापीकाठचे मांडवी (गुजरात) आणि वर्ष १९१४. कर्नल नामवंत होते. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार?

५/
ती घेतली पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी. त्यांनी त्या नमुन्याचा टाका न् टाका तपासला. कातडे भरण्याची मूळ पद्धत डेव्हिडसन यांची निघाली. त्यावर दुसऱ्या हाताने नव्याने शिवण घातलेली होती. म्हणजे संग्रहालयातून खानदेशचाच पक्षी चोरून त्याला नवे गाव आणि नवे साल चिकटवले होते.

६/
इतिहासाचे विद्यार्थी ज्याला साधनचिकित्सा म्हणतात, ती हीच. बनावट सनद जशी वतनाचा खरा धनी झाकते, तशी या चिठ्ठीने पक्ष्याचे खरे घर झाकले. जो पक्षी मांडवीत मिळालाच नव्हता, त्याला तेथे शोधून काय हाती लागणार?

७/
खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले. पूर्वेकडील रानांत काही सापडले नाही. मग ते शहाद्याला आले आणि रानपिंगळा दिसला. दिवसाउजेडी वावरणारा, डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेला, शेपटी झटकणारा. गावाकडच्या ठिपकेदार पिंगळ्याहून वेगळा.

८/
तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या रानात या पक्ष्याचा अभ्यास केला. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य आणि मेळघाट येथेही तो आढळला.

९/
संकट मात्र टळलेले नाही. २०१८ पर्यंत रानपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’ गणला जात होता. आता ‘संकटग्रस्त’ आहे. प्रौढ पक्ष्यांची अंदाजित संख्या हजाराच्या आतच. तो जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. सागाचे जुने झाड तुटले, वनजमीन शेताखाली गेली, की ढोलीही जाते आणि शिकारीची मोकळी जागाही.

१०/
संग्रहालयातील मेलेल्या पक्ष्यांनी जिवंत पक्ष्याचा पत्ता सांगितला, तोही कोणीतरी जुनी चिठ्ठी पुन्हा वाचली म्हणून. एखादी जात वाचवायची तर ती कुठे राहते हे आधी खरे ठाऊक असावे लागते. रानपिंगळ्याचे ते ठिकाण आज ठाऊक आहे. सातपुड्यातल्या त्या ढोल्या राखणे, एवढेच आता उरले आहे.